६०० मिमीचा धूसरपणा: संशय लेन्सवर, दोष हूडमधल्या हवेचा

मागच्या काही नोंदींत ६०० मिमीवर काढलेल्या पक्ष्यांच्या ज्या धूसर फ्रेम (फोटो) दाखवून मी तुम्हा सर्वांना हैराण केले होते, त्यांचे मूळ अखेर सापडले आहे. लेन्स निर्दोष आहे, ऑटोफोकस निर्दोष आहे, आणि ज्या बीनबॅगवर काहींनी शंका घेतली होती तीही निर्दोष आहे. लेन्सच्या तोंडावर बसवलेल्या लांब हूडमध्ये (बाजूचा प्रकाश अडवणाऱ्या नळीत) कोंडून राहणारी कोमट हवा पक्ष्यांच्या पिसांची लोकर करत होती. त्यामुळे माझी १५०-६०० मिमीची झूम लेन्स दुरुस्तीला पाठवण्याचा बेत मी रद्द केला आहे, आणि ती विकून ५०० मिमीची प्राइम (एकाच फोकल लेंग्थची लेन्स) घेण्याचा जो विचार मागच्या वेळी मांडला होता तोही तूर्त बाजूला ठेवला आहे.

लक्षणे थोडक्यात पुन्हा सांगते, कारण निदान त्यांच्यातच दडलेले होते. ६०० मिमी, एफ/६.३, शटर १/२०००, बीनबॅगवर टेकवलेली लेन्स आणि फांदीवर निश्चल बसलेला खंड्या, अशा परिस्थितीत फ्रेम सॉफ्ट येण्याचे कारण नव्हते. तरीही रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) शंभर टक्क्यांवर उघडली की चोचीची कड दुहेरी दिसे, गळ्याजवळचे पांढरे पीस विरघळल्यासारखे वाटे आणि मागचा बोके (फोकसबाहेरची पार्श्वभूमी) गुळगुळीत होण्याऐवजी चिरफाळलेला येई. हात हलल्याचा धूसरपणा एका दिशेने ओढला जातो. येथे तशी दिशा नव्हती. फोकस चुकला असता तर पक्ष्याच्या पुढची किंवा मागची एखादी डहाळी तरी धारदार आली असती. तीही येत नव्हती. सर्वांत त्रासदायक गोष्ट अशी की एकाच बर्स्टमधल्या लागोपाठच्या फ्रेम एकमेकींशी जुळत नव्हत्या: एकीत डोळा नेमका आणि शेपटी फुटलेली, तर पुढचीत शेपटी ठीक आणि डोळ्यातला प्रकाशबिंदू पसरलेला.

तुम्ही सुचवलेले सर्व उपाय करून झाले. स्टॅबिलायझेशन (थरथर सावरणारी यंत्रणा) बंद करून पाहिले, यांत्रिक शटरऐवजी इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (पहिला पडदा न हलवणारे शटर) वापरून पाहिले आणि पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक शटरही वापरले. फरक पडला नाही. ऑटोफोकस फाइन ट्यूनचा (फोकसच्या बारीक दुरुस्तीचा) सल्ला आरशाच्या कॅमेऱ्यांसाठी योग्य आहे, कारण त्यांत फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो. माझ्या मिररलेस बॉडीत मोजणी मुख्य सेन्सरवरच होत असल्याने तेथे जुळवण्यासारखे फारसे काही उरत नाही. ९५ मिमीचा संरक्षक फिल्टर काढल्यावर सुधारणा दिसली, पण तीही इतकी किरकोळ की ती खरी की मनाचा खेळ, हे ठरवता येईना. तरीही तो फिल्टर आता कायमचा डबीत गेला आहे. एवढ्या लांब फोकल लेंग्थपुढे स्वस्त काच लावणे मला पूर्वीही पटत नव्हते, आणि पुढच्या भिंगाचे रक्षण हूड पुरेसे करतो असे माझे मत होते. त्या हूडबद्दलच पुढे एवढे लिहावे लागेल, असे तेव्हा वाटले नव्हते.

पहिला धागा वेळेच्या नोंदींतून हाती आला. जमिनीलगतचे मृगजळ टाळायचे असेल तर पहाटे जावे, हा आपल्या सर्वांचा पाठ आहे आणि तो योग्यच आहे. माझ्या फाइल वेळेनुसार लावल्या, तेव्हा मात्र उलटे चित्र दिसले. सर्वांत वाईट फ्रेम अगदी पहिल्या अर्ध्या तासातल्या होत्या. त्यानंतर, मी काहीही न बदलता, त्या आपोआप सुधारत गेल्या, आणि ऊन चढल्यावर अपेक्षेप्रमाणे पुन्हा बिघडल्या. पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि त्यावरून उठणारी वाफ दृष्टिरेषेत येते, ही एक शक्यता होती. परंतु पाठ फिरवून कोरड्या काठावरच्या झुडपांवर लेन्स रोखली तरी पहिल्या अर्ध्या तासातला धूसरपणा तसाच राहिला. म्हणजे बिघाड लेन्सबरोबर फिरत होता आणि तरीही वेळेनुसार बदलत होता.

उत्तर मिळाले ते वेगळ्याच चाचणीत. ऑटोफोकसचा संशय कायमचा मिटवावा म्हणून मी दुर्बीणवाल्यांचा बाख्तिनोव्ह मास्क जाड काळ्या पुठ्ठ्यातून कापून हूडच्या तोंडात बसवला. (तयार छापील मास्क मिळतात, पण पट्ट्यांच्या कडा स्वच्छ कापल्या तर पुठ्ठाही तेवढेच काम करतो, त्यासाठी पैसे घालवू नयेत.) या जाळीमुळे प्रकाशबिंदूभोवती तीन किरणरेषा दिसतात आणि मधली रेषा उरलेल्या दोघींच्या बरोबर मध्यावर आली की फोकस अचूक असतो. ठळक ताऱ्यावर ऑटोफोकस लावला, लाइव्ह व्ह्यू मोठा करून पाहिला, आणि मधली रेषा जेथे असायला हवी तेथेच होती. फक्त तिन्ही रेषा वळवळत होत्या. तारा क्षितिजापासून बराच वर होता, रात्र शांत होती, आणि ती वळवळ ताऱ्याच्या नेहमीच्या लुकलुकण्यापेक्षा पुष्कळ संथ होती.

मग मास्क काढला आणि फोकस मुद्दाम पुष्कळ ढळवला. तारा पसरून एक तेजस्वी चकती झाला, आणि त्या चकतीवर एका कडेने निघून विरुद्ध कडेकडे सरकत जाणारे धुराच्या वेटोळ्यांसारखे पट्टे दिसू लागले. दूरच्या हवेतली अस्वस्थता चकतीवर झपाट्याने धावते आणि वारा नेईल तिकडे जाते. हे पट्टे मात्र सावकाश आणि सतत एकाच दिशेने सरकत होते. खात्रीसाठी हूडच्या तोंडासमोर हात धरला. चकतीत बोटांच्या सावलीवरून अगदी तशीच वेटोळी उठली आणि त्याच दिशेने गेली. म्हणजे ती दिशा वर जाणाऱ्या उबदार हवेची होती. हात काढल्यावर बोटांची वेटोळी गेली, पण मूळचे पट्टे राहिले. खोलीतून नुकतीच बाहेर आणलेली लेन्स स्वतःच ती उष्णता सोडत होती, आणि हूड ती हवा भिंगापुढे धरून ठेवत होता.

एवढीशी हवा इतका घोळ घालू शकते का, हे पटवून घेण्यासाठी कागदावर हिशेब मांडला. हवेचा अपवर्तनांक सुमारे १.०००३ असतो आणि तापमान एका अंश सेल्सिअसने बदलले की तो साधारण दहा लाखांत एक इतका बदलतो. हूडमधला हवेचा स्तंभ १० सेंमी लांब आणि त्याच्या दोन भागांत १० अंशांचा फरक धरला, तर प्रकाशाच्या मार्गात सुमारे एक मायक्रॉनचा फरक पडतो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन, म्हणजे हा फरक जवळजवळ दोन तरंगलांबींचा झाला. आणि प्रकाशीय उपकरण चांगले मानण्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ रॅले यांचा जुना निकष पाव तरंगलांबीचा आहे. १० अंश सोडा, दोन अंशांचा फरकही त्या निकषाच्या पलीकडे नेतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर माझ्या २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा आहे, आणि ६०० मिमीवर तो आकाशातल्या अवघ्या १.३५ आर्कसेकंदांचे (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) चित्र टिपतो. हे माप दुर्बिणींच्या जगातले आहे. तेव्हा आरसा थंड होईपर्यंत निरीक्षणाला सुरुवात न करण्याची दुर्बीणवाल्यांची शिस्त आपल्यालाही लागू व्हावी, यात नवल नाही.

काहींनी विचारले होते की पक्ष्याजवळची तापलेली जमीन जास्त नडते की कॅमेऱ्याजवळची. याचे उत्तरही यातच आहे. ट्रेसिंग पेपर छापील पानाला चिकटवून ठेवला तर अक्षरे वाचता येतात, आणि तोच डोळ्यांजवळ आणला तर काहीच दिसत नाही. किरण जेथे वाकतो तेथून पक्ष्यापर्यंतचे अंतर जितके जास्त, तितकी पक्ष्याची प्रतिमा जागेवरून अधिक ढळते. म्हणून २५ मीटरवरच्या खंड्याच्या बाबतीत त्याच्या फांदीखालच्या उन्हापेक्षा माझ्या भिंगापुढची वीतभर हवा अधिक महत्त्वाची ठरते. हीच गोष्ट मोटारीच्या खिडकीतून फोटो काढणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावी: आत हीटर चालू असेल तर उघड्या काचेतून बाहेर पडणारी उबदार हवा नेमकी लेन्ससमोरून जाते.

त्यानंतरची चाचणी सोपी होती. लेन्स बाहेर आणताच एकाच खुणेवर हूड लावून आणि काढून, आलटून पालटून बर्स्ट घेतले. हूड काढल्यावर फरक एवढा स्पष्ट होता की फाइलचे नाव न पाहता थंबनेलवरून ओळखता येत होते. धूसरपणा पूर्ण गेला नाही, कारण भिंग अजून उबदारच होते; पण वापरण्याजोग्या फ्रेम कितीतरी वाढल्या. लेन्स बाहेरच्या तापमानाला आल्यावर मात्र हूड असो वा नसो, फरक राहिला नाही.

येथून पुढे माझा बेत हूडला खाचा पाडण्याचा होता. वरच्या बाजूला लांबट फटी ठेवल्या तर उबदार हवा निघून जाईल आणि बाजूचा प्रकाशही अडेल, अशी कल्पना होती. खालच्या फटींतून थंड हवा आत यावी म्हणून एक लहान पंखा बसवण्यापर्यंत रेखाटने गेली होती. हे लिहीत असतानाच जाणवले की हा सगळा खटाटोप ज्या अर्ध्या तासासाठी आहे, त्या अर्ध्या तासात सूर्य क्षितिजावर किंवा त्याखालीच असतो आणि समोरून येत नसेल तर फ्लेअरचा (भिंगात शिरलेल्या भटक्या प्रकाशाने चित्र बिघडण्याचा) धोका नाममात्र असतो. तेव्हा पंखा रद्द, खाचाही रद्द. पहाटे हूड उलटा बसवून ठेवायचा आणि ऊन वर आल्यावर सरळ करायचा, एवढेच करून पाहणार आहे. पावसाच्या सरीत हे चालणार नाही, हे मान्य.

मुख्य उपाय अर्थात लेन्स आधीच थंड करण्याचा आहे. जाड अस्तराच्या बॅगेत बंद ठेवलेली दोन किलोंची लेन्स बराच वेळ ऊब धरून राहते. बॅग बाहेर ठेवली पण उघडली नाही, तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. मी आता पोहोचताच प्रथम बॅग उघडते, टोपण काढून लेन्स ट्रायपॉडवर चढवते आणि मगच बाकीची जुळवाजुळव करते. छद्मरंगी निओप्रीन आवरणाविषयी माझे मत आधीही फारसे चांगले नव्हते, कारण पक्षी आवरणाच्या रंगापेक्षा हालचालीला बुजतात. आता कळते की पहाटे ते लेन्सला थंडही होऊ देत नाही. दुपारी मात्र तेच काळ्या नळीला उन्हापासून वाचवते, म्हणून फेकून देणार नाही. परत येताना क्रम उलटा ठेवावा. थंड लेन्स दमट, उबदार खोलीत उघडली तर भिंगावर दव धरते, म्हणून बाहेरच बॅग बंद करावी आणि ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये. मेमरी कार्ड तेवढे आधी काढून घ्यावे, म्हणजे वाट पाहणे सुसह्य होते.

या सगळ्या शोधाचे फळ म्हणून जो फोटो मिळाला, तो सोबत जोडला आहे. खंड्याच्या चोचीतल्या माशाचे डोके बाहेरच्या बाजूला आहे. स्वतः गिळायचा असता तर ते आत वळवले असते. असा धरलेला मासा जोडीदारासाठी किंवा पिलांसाठी असतो. माशाच्या खवल्यांवरचा थेंब सुटा दिसतो आहे आणि त्यासाठी शार्पनिंग वाढवावे लागलेले नाही. पार्श्वभूमी थोडी गजबजलेली आहे, तरी मी तो क्रॉप करणार नाही.

इतर फोटोंबद्दल थोडेसे. मागे दाखवलेल्या जिन्याखालच्या सावल्यांच्या मालिकेत जे आडवे पट्टे येत होते ते एलईडी दिव्यांचेच होते; ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, त्यामुळे यांत्रिक शटर आणि १/१०० चा वेग घेताच पट्टे गेले. प्रवासातले विमानाच्या खिडकीतून काढलेले ढग मात्र पोलरायझरमुळे (ध्रुवित प्रकाश गाळणाऱ्या फिल्टरमुळे) इंद्रधनुषी डागांनी भरले. खिडकीच्या प्लास्टिकमधला ताण पोलरायझर रंगांच्या रूपात उघड करतो, तेव्हा तेथे तो फिल्टर काढून रबरी हूड काचेला टेकवणे हाच चांगला मार्ग आहे.

यापुढे १.४ टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंग्थ १.४ पट करणारे जोडभिंग) लावून ८४० मिमीवर हीच चाचणी करणार आहे, जरी एफ/९ वर पहाटेचा आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) कुठे जाईल याची कल्पना आहे. ज्यांच्याकडे पांढऱ्या नळीच्या किंवा आखूड हूडच्या लेन्स आहेत त्यांनी दूरच्या प्रकाशबिंदूवर फोकस ढळवून चकतीचा छोटा व्हिडिओ घ्यावा. खोलीतले तापमान, बाहेरचे तापमान आणि पट्टे थांबायला लागलेला वेळ, या तीन नोंदी व्हिडिओबरोबर दिल्यात तर कोणत्या लेन्सला किती वेळ आधी बाहेर ठेवावे याचा एक तक्ता आपण सर्वांसाठी तयार करू शकतो. माझा पहिला आकडा असा: आत २६ अंश, बाहेर १२ अंश, हूड लावलेला, सुमारे ४० मिनिटे.