शेवटच्या बाकावरची बहीण

आज उपासनेनंतर बायबलमधील स्तोत्र १३९ चा अभ्यास चालू असताना, देवाने आपल्याला आईच्या उदरात घडवले या ओळीपाशी आमच्या गटातील एक बहीण थांबली आणि अनेक वर्षांपूर्वी केलेल्या गर्भपाताविषयी पहिल्यांदाच बोलली. इतकी वर्षे ती शेवटच्या बाकावर का बसत होती, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलेच नव्हते.

गर्भातील जीव देवाचा आहे असे मी मनापासून मानतो, आणि स्वतःच्या निवडीलाच सर्वोच्च मानणारी आजची संस्कृती त्या जीवाला फार सहज नजरेआड करते, असेही मला वाटते. मात्र आपणा शुभवर्तमानवादी ख्रिस्ती लोकांचा इतिहासही प्रामाणिकपणे पाहायला हवा. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या शुभवर्तमानवादी पंथाच्या मंडळ्यांच्या अधिवेशनाने १९७१ मध्ये, बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग किंवा मातेच्या आरोग्याला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी, असा ठराव केला होता. ठाम विरोधाची भूमिका नंतर घेतली गेली.

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला घटनात्मक हक्क मानणारा १९७३ चा ‘रो’ निकाल रद्द केला, तेव्हा त्या रविवारी मी मोठ्याने उपकारस्तुती केली होती. ती बहीण तेव्हाही मागेच बसलेली होती.

आज ती बोलून झाल्यावर एक वयोवृद्ध भगिनी काही न बोलता उठल्या आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या.