सतरा नंबरचं गाठोडं

शनिवार, रात्री अकरा

पावसाने आज पार पिदडलं. काळाचौकीहून भायखळ्याला एरवी वीस मिनिटं लागतात, आज पाऊण तास लागला. छत्रीची एक काडी मोडली, ती आता नुसती शोभेला. तरी गेले, कारण शनिवारी बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात गाठोड्यांच्या खिडकीवर माझी पाळी असते. मी नसले की निवारा सांभाळणारे ब्रदर स्वतः बसतात, आणि ब्रदर मंगळूरकडचे. बारा वर्षं मुंबईत काढून त्यांचं मराठी अजून लिंगभेद मानत नाही. "ताई, तुझी चहा झाला काय?" आत गेल्या गेल्या पहिलं हे ऐकायचं. शनिवारी हे ऐकलं नाही तर मला चुकल्यासारखं होतं.

चर्चच्या मागचा हा हॉल संध्याकाळी साडेसहाला उघडतो, सकाळी सातला बंद होतो. आत तीस चटया. आज दाराशी पन्नास तरी माणसं असतील. ब्रदरांनी बाकं भिंतीला लावून आणखी आठ चटया बसवल्या, पुढे काही चालेना. उरलेल्यांना खिचडी आणि मेणकापड देऊन परत पाठवलं. परत म्हणजे कुठे, तर जे. जे.च्या पुलाखाली.

लाख वस्तीमागे एक निवारा, तोही चोवीस तास आणि बारा महिने, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. मुंबईची वस्ती २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. प्रत्यक्षात किती, ते दाराशी उभं राहिलं की कळतं. त्याच जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत बेघरांची शिरगणती झाली आणि मुंबईत सत्तावन्न हजारांच्या वर माणसं भरली. एका रात्रीत. त्या रात्री जो कुणी सेकंड शोला गेला असेल किंवा कुठल्या लग्नाच्या मांडवामागे भांडी घासत असेल, तो मोजायचा राहिला असणार.

गाठोड्यांची खिडकी हा आमच्याकडचा सगळ्यात गर्दीचा भाग. मी दोन वर्षांपूर्वी यायला लागले तेव्हा वाटायचं, जेवणापाशी झुंबड असेल. तसं नाही. जेवण मुंबईत मिळतं हो. दर्ग्यापाशी मिळतं, गुरुद्वारात मिळतं, गणपतीत तर ओसंडून मिळतं. सामान ठेवायला जागा मात्र कुणी देत नाही. गाठोडं घेऊन कामाला जाता येत नाही, संडासात जाता येत नाही, इस्पितळाच्या रांगेत उभं राहता येत नाही. ठेवून जावं तर परत येईपर्यंत कुणी उचललेलं असतं, चोराने नाहीतर झाडलोटीच्या गाडीने. म्हणून संस्थेने लोखंडी मांडणी केली, पत्र्याचे बिल्ले पाडले. गाठोड्याला एक बिल्ला, माणसाला एक. रात्री द्या, सकाळी न्या, किंवा दिवसभर राहू द्या. पैसे नाहीत.

आज सतरा नंबरवाले काका आले. वाशीमकडचे, गवंडीकाम करतात, सकाळी कामासाठी नाक्यावर उभे राहतात. माझ्यासमोर त्यांनी गाठोडं सोडलं, कारण आत पाणी गेलं का ते बघायचं होतं. एक थापी, तिची मूठ सायकलच्या ट्यूबने गुंडाळलेली. लाकडी रंधा. ओळंबा, त्याचा दोरा व्यवस्थित गुंडाळून आगपेटीत ठेवलेला. दोन शर्ट. प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत एकात एक घातलेलं आधार कार्ड. आणि अर्धा वापरलेला साबण, वर्तमानपत्रात. प्रत्येक वस्तू कोरडी आहे की नाही हे ते गालाला लावून बघत होते. हात ओले होते ना, हाताला काय कळणार.

"वल्लं व्हायला नाय पायजे ताई," म्हणाले. मी म्हटलं, वरच्या फळीवर ठेवते.

पायांना चिखल्या झालेले अकरा जण होते. सिस्टरांनी ओळीने बसवून बोटांच्या बेचक्यांत जांभळं औषध लावलं. साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांना लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून गोळी दिली, समोर उभं राहून गिळायला लावली. नाहीतर ते ती खिशात ठेवतात, पुढच्या आजारासाठी.

रविवार, दुपार

हात अजून थरथरतो आहे, पण लिहून टाकते.

रात्री पाणी भरल्यामुळे मी हॉलवरच राहिले. सकाळी सहाला खिडकीवर बसले. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारचा बोलला तरी ओठच दिसत. नाका सातला भरतो, त्यामुळे सगळ्यांना एकदम घाई. एक माणूस ओरडला, "सत्तर!" मला ऐकू आलं "सतरा". बिल्ला हातात घेऊन बघायचा, हा नियम. मीच हट्टाने लावलेला. आणि आज मीच पाहिला नाही. वरच्या फळीवरून काढलं, सरकवलं, पुढचा.

दोन्ही गाठोडी एकसारखी दिसत होती, कारण मागच्या आठवड्यात आम्हीच सगळ्यांना एकाच ताग्यातलं निळं मेणकापड वाटलं होतं. कुणीतरी दानात दिलेलं. तेव्हा मी म्हटलंसुद्धा होतं, किती छान, सगळी एकसारखी दिसतात!

दहा मिनिटांनी काका आले. बिल्ला दिला. १७. मी वरच्या फळीकडे हात नेला आणि पोटात गोळा आला.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते खिडकीच्या बाजूला सरकले, मागच्याला जागा करून दिली, आणि उभे राहिले. मी ७० नंबरचं गाठोडं काढून दाखवलं. त्यांनी हात लावला नाही. "दुसऱ्याचं हाय," म्हणाले. ब्रदर पावसात स्टेशनपर्यंत धावत जाऊन आले. सत्तर नंबरवाला सापडला नाही. नवीनच होता, परवापासून येणारा, कुठे कामाला जातो कुणाला माहीत नाही.

मी पर्समधून हजार रुपये काढले. काका म्हणाले, "हत्यार नवं घेता यील. कार्डाचं काय?" पैसे घेतले नाहीत. मग थोड्या वेळाने म्हणाले, "दोनशे द्या." थापीपुरते. घेतले, आणि नाक्यावर गेले. रिकाम्या हाताने गवंड्याला कोण उचलतो?

रविवार, रात्री

झोप येत नाही.

नोकरीभर मी फोर्टात एका वकिलांच्या कचेरीत टंकलेखन केलं. भिकेच्या कायद्यातली व्याख्या मी कितीदा टाइप केली असेल. मुंबईचा १९५९ चा कायदा. नुसता हात पसरणारा भिकारी नव्हे. उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी फिरणारा, आणि भिकेवर जगत असावा असं वाटायला लावणारा, तोही भिकारी. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं कोंडून ठेवता येतं. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तिथल्यापुरती यातली बरीच कलमं २०१८ मध्ये रद्द केली. तेव्हा आम्ही कचेरीत चहा पिता पिता त्यावर चर्चा केली होती, 'दिसेल असं साधन' म्हणजे नेमकं काय, वगैरे. आज सकाळी काकांचं दिसेल असं साधन मी दुसऱ्याच्या हातात दिलं.

फुटपाथवाल्यांचा तो ओल्गा टेलिस खटलाही आठवला. लोकांना वाटतं ते जिंकले. जुलै १९८१ मध्ये, भर पावसात झोपड्या पाडून माणसांना एसटीत बसवून गावी पाठवायचं ठरलं, तेव्हाची केस. निकाल १९८५ चा. जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो, असं न्यायालय म्हणालं; पुढे हेही म्हणालं की फुटपाथ चालणाऱ्यांचा, तिथून हटवता येईल. फक्त पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा. त्या निकालपत्रात संगमनेरचा एक अर्जदार आहे. चांभारकाम करायचा, दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे. गावचं घर पडलं, १९६९ मध्ये मुंबईला आला, महिना साडेतीनशे रुपयांवर बदली कामगार लागला, आणि तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून तिथल्या दादाला तीनशे रुपये मोजले. फुटपाथचे तीनशे. जवळजवळ आख्खा पगार. हा परिच्छेद पहिल्यांदा टाइप करताना मी आकडा चुकला असेल म्हणून मूळ प्रत पुन्हा काढून बघितली होती. तेव्हा बघत होते आकडे नीट.

मंगळवार

जाऊबाईंचा फोन. चूक सांगितली तर म्हणाल्या, "सोड ना आता, बरं झालं निमित्त मिळालं. नाहीतरी तुला बाटवतील तिथे एक दिवस." त्यांच्या सासूबाई, म्हणजे माझ्याही, मुक्तिफौजेचं, म्हणजे साल्व्हेशन आर्मीच्या मिशनऱ्यांचं, नाव काढलं तरी मुलांना घरात घ्यायच्या. ती फौज १८८२ मध्ये मुंबईत उतरली होती, साहेब लोक भगवे कपडे घालून अनवाणी फिरायचे. धाक अजून शिल्लक आहे. सांकली स्ट्रीटवर मदर तेरेसांच्या सिस्टरांचं आशादान १९७६ पासून आहे. टाकून दिलेली मुलं तिथे वाढली, आणि त्याच रस्त्याने जाताना जाऊबाई अजून पदर सावरतात.

प्रार्थना होते, नाही कशाला म्हणू? सव्वासातला, दहा मिनिटं. ज्यांना बसायचं ते बसतात, बाकीचे बाहेर कट्ट्यावर बिडी ओढतात. ताटं सगळ्यांना बरोबरच मिळतात. तरी मला एक खटकतं. खिचडीचा वास सुटलेला आणि मध्ये प्रार्थना, हे बरं दिसत नाही. माणूस देवासाठी बसला की खिचडीसाठी, कसं ओळखणार? मी ब्रदरांना तोंडावर सांगितलं होतं, जेवणानंतर ठेवा. ते म्हणाले, "जेवणानंतर कोण थांबतो ताई? मी पण झोपतो." यावर काय बोलणार!

काका काल आणि आज आले नाहीत.

गुरुवार

ब्रदरांचा फोन, संध्याकाळी. सत्तर नंबरवाला आला, गाठोडं घेऊन. तो रविवारी सकाळीच ट्रकवर हमालीला भिवंडीला गेला होता, चार दिवस तिकडेच अडकला. रात्री मेणकापड सोडलं तर आत थापी. ब्रदरांना म्हणाला, "माझ्यात गोधडी होती. चार रात्री कुडकुडलो." म्हणजे त्याचंही नुकसान मीच केलं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी नुसती काकांचीच काळजी करत बसले होते. तो साबणसुद्धा त्याने वापरला नव्हता. ब्रदरांनी उघडून एकेक वस्तू फोनवर वाचून दाखवली. "आगपेटी आहे. त्यात काय आहे, दोरी आहे."

काकांना शोधायला सिस्टर उद्या सकाळी नाक्यावर जाणार आहेत.

शनिवार, रात्री

आता मांडणीवर खडूने आकड्यासोबत अक्षरही लिहिलं. १७ सतरा. ७० सत्तर. चेकवर लिहितात तसं. सगळे आकडे लिहून होईपर्यंत बोटं पांढरी झाली. मेणकापडांना वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधल्या. ब्रदर म्हणाले, एकदम पतंगासारखी दिसते.

सत्तर नंबरवाल्याची मी माफी मागितली. त्याला वाटलं, मी त्याला काहीतरी विचारते आहे. "नाय नाय, मी काय घेतलं नाय त्यातलं," म्हणाला. मग मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

एक म्हातारी येते, कोपऱ्यातल्या चटईवर बसते. कितीही सांगा, बोचकं खिडकीवर देत नाही, रात्रभर उशाला घेऊन झोपते. आज मी तिला आग्रह केला नाही.

काका साडेसातला आले. तीन दिवस त्यांना एका बिगाऱ्याच्या जागी घमेली उचलायचं काम मिळालं होतं, गवंड्याच्या निम्म्या मजुरीवर. खांद्याला वळ होता. मी गाठोडं पुढे ठेवलं. त्यांनी खिडकीतच सोडलं, मागे रांग थांबली तरी कुणी काही बोललं नाही. थापी. रंधा. आगपेटी उघडून ओळंब्याचा दोरा ओढून बघितला. पिशव्यांतून कार्ड काढलं, फोटोकडे पाहिलं, परत तीन पिशव्यांत घातलं. मग दोनशे रुपये माझ्यासमोर ठेवले. मी नको म्हटलं. ते म्हणाले, थापी घेतलीच नाही. मग मी घेतले.

त्यांनी गाठ मारली, गाठोडं माझ्याकडे सरकवलं, आणि बिल्ला काचेला टेकवून धरला, अगदी माझ्या चष्म्यासमोर.

"सतरा," म्हणाले. "एकावर सात."