आधी मिसळ लिहा, मग असाइनमेंट

चालढकल करणारा माणूस दिवसभर आरामात लोळत असतो, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला आराम येतच नाही. पुस्तक समोर उघडं असतं, मोबाइल हातात असतो आणि मनात चाललेलं असतं: "साडेसातला बसतो." मग "जेवण झालं की बसतो." मग "आता पहाटे उठूनच करतो." रात्री अकराला हिशेब मांडला तर काम शून्य आणि विश्रांतीही शून्य. दुसऱ्या दिवशी तो जास्त थकलेला उठतो, आणि थकलेल्या डोळ्यांना तेच काम आदल्या दिवसापेक्षा मोठं दिसतं.

अशा माणसाला आपण सल्ला देतो तो कामाचे तास वाढवण्याचा. सहा ते अकरा अभ्यास, रविवार अख्खा अभ्यास. हा सल्ला जवळजवळ नेहमी फसतो. त्याऐवजी उलट्या बाजूने सुरुवात करायची. आठवड्याच्या कोऱ्या तक्त्यात आधी विरंगुळा लिहायचा, वार, वेळ आणि ठिकाण घालून. काम आधी लिहायचंच नाही, ते झाल्यावर लिहायचं. नील फिओरे या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत मांडली आणि तिला 'अनशेड्यूल' हे नाव दिलं.

टाळाटाळीचं मूळ आळसात कमी आणि मनःस्थितीत जास्त असतं. टिमथी पिचिल आणि फ्युशिया सिरोइस या अभ्यासकांनी २०१३ मध्ये हे नेमकेपणाने मांडलं: काम समोर आलं की भीती, कंटाळा किंवा "आपल्याला जमणार नाही" अशी भावना उठते, काम बाजूला सारलं की ती लगेच शमते, आणि त्या क्षणिक सुटकेची किंमत उद्याच्या आपल्याला मोजावी लागते. आता सहा ते अकरा अभ्यास लिहिलेला तक्ता या मनाला कसा दिसेल? कोंडून घातल्यासारखा. बसलो की सुटका नाही, म्हणून बसायचंच नाही. पण साडेआठला मुलांबरोबर कॅरम ठरलेला असेल आणि आठ वाजले असतील, तर आत शिरायच्या आधीच बाहेरचं दार दिसतं. अर्ध्या तासासाठी मन तयार होतं.

दुसरं कारण वेळेचं. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये लिहिलं होतं की काम हाती असलेल्या वेळेएवढं पसरत जातं. अख्खा रविवार अभ्यासाला ठेवला की अभ्यास सुरू व्हायलाच दुपारचे चार वाजतात, ते यामुळेच.

नाशिककरांना हे द्राक्षबागेवरून चटकन कळेल. माल उतरला की एप्रिलच्या खरड छाटणीआधी निफाड-दिंडोरीतला जाणता बागायतदार वेलींना विश्रांती देतो. त्या दिवसांत बाग मोकाट सोडलेली नसते, हलकं पाणी चालू असतं, पुढच्या छाटणीची तारीख डोक्यात असते. विश्रांती ही तिथे हंगामाच्या कामातच धरलेली आहे.

आता तक्ता. ए-फोर कागद आडवा धरा. सात रकाने वारांचे, आणि सकाळी सहा ते रात्री अकरा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ३४ ओळी. मोबाइलमधलं कॅलेंडर या कामाला नको. तक्ता बघायला मोबाइल उघडायचा म्हणजे ज्या खड्ड्यात पडतो त्याच्याच काठावर रोज जायचं. कागद भिंतीवर, शक्यतो जिथे बसून काम करायचं त्या जागेसमोर. पेनं तीन: काळं ठरलेल्या, न टळणाऱ्या गोष्टींसाठी, हिरवं विरंगुळ्यासाठी, निळं झालेल्या कामासाठी.

काळ्या पेनाने आधी जे हलणार नाही ते भरा. उदाहरणादाखल नाशिकच्या पंचवटीत राहणारा, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जनरल शिफ्ट करणारा आणि मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करणारा माणूस घेऊ. आठवड्याचे तास १६८. झोप रोज ७ तास, म्हणजे ४९. नोकरी नऊ ते साडेपाच, सहा दिवस, ५१. जाणं-येणं द्वारका चौकातल्या ट्रॅफिकसकट रोज दीड तास, म्हणजे ९. अंघोळ, जेवण, भाजी, दळण, घरातलं किरकोळ मिळून रोज अडीच तास, म्हणजे साडेसतरा. बेरीज साडे१२६. उरले साडे४१ तास.

इथेच बहुतेकांचा हात निळ्या पेनाकडे जातो. तो आवरायचा आणि हिरवं पेन घ्यायचं. मंगळवार आणि शुक्रवार पहाटे तपोवनापर्यंत चालणं, एकेक तास: २. सोमवार ते शुक्रवार रात्री साडेआठ ते साडेनऊ घरच्यांबरोबर: ५. शनिवारी संध्याकाळी सात ते दहा कालिदास कलामंदिरात नाटक, किंवा मित्राकडे: ३. रविवारी आठ ते एक गंगापूर रोडकडे मिसळ, तिथून सोमेश्वरला किंवा धरणाच्या बाजूला: ५. एकूण १५ तास. उरले साडे२६.

या साडेसव्वीसचे सगळे तास आपले समजू नका. पाहुणे येतात, ओव्हरटाइम लागतो, कुणीतरी आजारी पडतं. निम्मे गेले असंच धरा. तरी १३ तास राहतात. आणि पहिल्या आठवड्याचं लक्ष्य त्यातलेही फक्त पाच अर्धे तास, म्हणजे अडीच तास. हे फार थोडं वाटेल. पण पूर्वी आठवड्याला शून्य व्हायचं, आणि शून्यावरून अडीचवर येणं हीच सगळ्यात अवघड पायरी आहे. कोरे रकाने कोरेच ठेवायचे, त्यात "कॉस्टिंग, युनिट २" असं आगाऊ लिहायचं नाही. लिहिलं की पुन्हा जुनं वेळापत्रक तयार होतं, आणि ते मोडलं की जुनी अपराधी भावनाही परत येते.

निळं पेन उघडायचं ते सलग ३० मिनिटं काम झाल्यावर. टायमर लावा, स्वयंपाकघरातला चालेल. मोबाइल दुसऱ्या खोलीत. ७:०५ ला बसलात आणि ७:२८ ला उठलात, तर तो रकाना रंगवायचा नाही. इथे कडक राहणं गरजेचं आहे, कारण बहुतेकजण विसाव्या-बाविसाव्या मिनिटाला उठतात. सोपा भाग संपून पहिली अडचण तिथेच येते. ती ओलांडायची सवय लागावी म्हणूनच ही अर्ध्या तासाची अट आहे. पूर्ण झाला की रकाना निळा करा आणि त्यात दोन शब्दांत काय झालं ते लिहा.

हा अर्धा तास ठेवायची सगळ्यात चांगली जागा हिरव्या रकान्याच्या अगदी आधी. आठ ते साडेआठ काम, साडेआठला घरचे. उलट क्रमाने, विरंगुळ्यानंतर काम ठेवलं तर विरंगुळा लांबत जातो आणि काम त्याच्या शेपटाला लटकतं.

बसण्याआधी पहिली कृती ठरलेली हवी, आणि ती हाताने करायची हवी. "असाइनमेंट करणे" ही कृती नाही. "प्रश्न १ वाचून उत्तराचे तीन मुद्दे पेन्सिलने समासात लिहिणे" ही कृती आहे. उठतानाही अडलेल्या जागी उठू नका. पुढे काय करायचं हे कळलेलं असताना उठा आणि पुढचं अर्धं वाक्य लिहून ठेवा. अडलेल्या जागी सोडलेलं काम दुसऱ्या दिवशी परत भीतीच देतं.

वरची मर्यादाही आहे. एका कामावर दिवसाला ५ तासांपेक्षा आणि आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त नाही, आणि आठवड्यातला एक दिवस त्या कामापासून पूर्ण सुटी, असं फिओरे सांगतात. नोकरदार माणूस २० पर्यंत पोचणार नाही, पण नोकरी सोडून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी ही मर्यादा गांभीर्याने घ्यावी. अभ्यासिकेत बारा तास बसलेल्या माणसाने पुरे केलेले सलग अर्धे तास एकदा खरेपणाने मोजून बघावेत.

हिरव्या रकान्यात काय लिहायचं यावर ही पद्धत तरते किंवा बुडते. नुसतं "आराम" लिहिलं की तिथे मोबाइल येऊन बसतो. रील्सना शेवट नाही, त्यामुळे तो रकाना संपतच नाही आणि संपल्यावर ताजंतवानंही वाटत नाही. हिरव्या रकान्यात क्रियापद हवं, जागा हवी, सुरू व्हायची आणि संपायची वेळ हवी. शक्य तिथे दुसरा माणूस किंवा आधी काढलेलं तिकीट हवं. नाटकाचं तिकीट हातात असलेला माणूस "आज नको, काम राहिलंय" असं सहज म्हणत नाही. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन पुस्तक बदलणं हाही चांगला विरंगुळा. १८४० पासूनची ही संस्था शहराच्या मध्यात आहे आणि तिथे जाऊन-येऊन तासाभरात काम होतं. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात नुसतं फिरणंही चालेल, पण हातात सामानाची यादी नको. यादी आली की तो रकाना काळा.

हा काळ्या-हिरव्यातला फरक लोक सर्रास चुकतात. लग्नाचं रिसेप्शन, मुलांच्या शाळेतली पालकसभा, नातेवाइकांकडे द्यायची हजेरी, किराणा, गाडीचं सर्व्हिसिंग: हे सगळं काळं. यातलं काही आनंदाचं असलं तरी ते आपण निवडलेलं नसतं. जिथून परत येताना थोडं हलकं वाटतं तेच हिरवं.

काही विरंगुळे हंगामाचे असतात, आणि ते परीक्षेनंतर ढकलता येत नाहीत. नांदूरमधमेश्वरचे पाहुणे पक्षी हिवाळ्यातच दिसणार. ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० मध्ये जाहीर झालेलं, आणि नाशिकहून सकाळी निघून दुपारपर्यंत परत येता येतं. सोमेश्वरचा धबधबा पावसाळ्यातच धो-धो वाहणार. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारायची तर त्याच दिवशी. वर्षाच्या सुरुवातीला अशा चार-पाच तारखा हिरव्याने लिहून टाकाव्यात. परीक्षा त्यांच्या आजूबाजूला बसते.

पद्धत मोडते ती बहुतेक वेळा चांगल्या दिवशी. काम रंगात आलेलं असतं आणि वाटतं, आज जमतंय तर फिरायला नको, तासभर आणखी ओढू. ही चूक सगळ्यात महाग पडते. एकदा हिरवा रकाना कामाने खाल्ला की मन पुढच्या वेळी त्या रकान्यावर विश्वास ठेवत नाही, आणि विश्वास गेला की आठ वाजता बसणं पुन्हा अवघड होतं. काम रंगात असतानाच उठा. उद्या बसायला तीच ओढ उपयोगी पडेल. बाहेरच्या कारणाने हिरवा रकाना गेला, पाहुणे आले म्हणा, तर तो दोन दिवसांच्या आत दुसरीकडे लिहायचा. "पुढच्या आठवड्यात बघू" असं केलं तर तो गेलाच.

फिरायला गेल्यावर काम डोक्यात येत राहिलं, तर खिशात एक चिठ्ठी आणि पेन्सिल ठेवा. आलेला विचार चार शब्दांत लिहा आणि चिठ्ठी परत खिशात. लिहिलेला विचार सहसा दुसऱ्यांदा तेवढ्या जोराने येत नाही.

घरातल्या बाईचा हिरवा रकाना सगळ्यात आधी खाल्ला जातो, हे स्पष्ट लिहायला हवं. ती घरात वाचत बसली असेल तर ती मोकळी आहे असंच सगळे धरून चालतात: "आई, जरा चहा." शिवणाच्या ऑर्डरी, बी.एड.चा अभ्यास किंवा घरून चालणारा क्लास सांभाळणाऱ्या बाईने निदान सुरुवातीचे दोन महिने आपला विरंगुळा घराबाहेर ठेवावा: मैत्रिणीबरोबर चालणं, भजनाचा किंवा गाण्याचा क्लास, वाचनालय. आणि तक्ता स्वयंपाकघरात सगळ्यांना दिसेल असा लावावा. त्या वेळेतला चहा कोण करणार हेही त्याच कागदावर काळ्याने, करणाऱ्याच्या नावासकट लिहावं.

फिरती शिफ्ट असेल तर वारांचा एकच तक्ता चालणार नाही. फर्स्ट, सेकंड आणि नाइट असे तीन तक्ते करून ठेवा आणि त्या आठवड्याचा भिंतीवर लावा. नाइटच्या आठवड्यात कामाचं लक्ष्य दोन-तीन अर्ध्या तासांवर आणा, पण हिरवे तास कमी करू नका. शिफ्ट बदलते तो पहिला दिवस सरळ मोकळा सोडा.

काही अडचणी या तक्त्याने सुटत नाहीत. काळे रकाने भरल्यावर दिवसाला तासभरही उरत नसेल, तर प्रश्न चालढकलीचा नाही. डोक्यावर खरोखरच जास्त बोजा आहे आणि काहीतरी सोडावं किंवा वाटून द्यावं लागेल. काम कसं करायचं हेच माहीत नसेल, तर पहिला अर्धा तास विचारण्यात घालवा: अभ्यासकेंद्रात, सहकाऱ्याला, सरांना. आणि हिरव्या रकान्यातल्या गोष्टींतही आठवडेच्या आठवडे गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर तक्ता बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा.

रविवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं पुढच्या तक्त्यासाठी. निळे रकाने मोजा. पाच झाले असतील तर पुढच्या आठवड्यात सात, सात झाले तर नऊ, एका वेळी दोनहून जास्त वाढवू नका. दोन-तीनच झाले असतील तर लक्ष्य तेच ठेवा आणि फक्त वेळ बदलून बघा, रात्रीऐवजी पहाट किंवा उलट. एकही झाला नसेल तर हात हिरव्या रकान्यांना लावायचा नाही. पहिली कृती अजून लहान करा, पुस्तक उघडून फक्त प्रश्न वहीत उतरवण्याएवढी, आणि तिची जागा रविवारी सकाळी साडेसातला, मिसळीला निघायच्या आधीच्या अर्ध्या तासात धरा.