रंगाचा रतीब

डॉक्टरांनी खोलीतला दिवा मालवला, दार लावलं आणि हातातला जांभळट दिवा लेकीच्या गुडघ्याजवळ नेला. दिवसाउजेडी नुसता पांढुरका वाटणारा डाग अंधारात खडूसारखा उजळला. त्याच्या कडा इतक्या स्पष्ट होत्या की बोटाने गिरवता आल्या असत्या. डावा गुडघा, उजव्या हाताची दोन बोटं आणि पापणीवर टिकलीएवढा एक डाग. कोड. वय वर्षं दहा.

माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "रंग गेला कुठे?" डॉक्टर म्हणाले, "रंग दिसतो त्या पेशी रंग बनवत नाहीत. बनवणारी पेशी वेगळी. ती एकटी आजूबाजूच्या तीस-चाळीस पेशींना पुरवते."

मी म्हटलं, "म्हणजे रतीब."

आमचं गाव कराडजवळ. घरी तीन म्हशी होत्या. शाळेत असताना चार वर्षं मी सायकलला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून पहाटे रतीब घातला आहे. कुणाचं अर्धा लिटर, कुणाचं पावशेर, कुणाकडे पाहुणे आले की जास्तीचं एक माप. त्या घरांपैकी कुणाच्याच दारात म्हैस नव्हती, पण चहा सगळ्यांच्या घरी व्हायचा. त्या दिवसापासून त्वचेबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो आणि प्रत्येक वेळी तो पहाटेचा रस्ताच डोळ्यांपुढे आला.

रंग बनवणाऱ्या पेशीचं नाव मेलॅनोसाइट. ती बाह्यत्वचेच्या सगळ्यात खालच्या थरात बसते आणि तिला फांद्यांसारखे लांब हात असतात. मेलॅनोसोम नावाच्या बारीक पुड्यांमध्ये ती मेलॅनिन भरते. भरलेल्या पुड्या हातांच्या टोकापर्यंत सरकतात आणि तिथून शेजारच्या केरॅटिनोसाइट पेशींमध्ये जातात. देवाणघेवाणीच्या या शेवटच्या पायरीवर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. कुणी म्हणतं, शेजारीण हाताचं टोकच गिळते. कुणी म्हणतं, पुडी बाहेर सोडली जाते आणि ती उचलून घेते. पोचवणं किती मोलाचं आहे ते ग्रिसेली सिंड्रोम या दुर्मीळ जन्मजात आजारात दिसतं. त्यात मेलॅनिन नीट बनतं, पण पुडी टोकाला धरून ठेवणारं एखादं प्रथिन नसतं. पुड्या पेशीच्या मध्येच साचतात आणि मुलाचे केस चंदेरी दिसतात. दूध काढून झालं, कॅन गोठ्यातच.

पुडी मिळाल्यावर केरॅटिनोसाइट जे करते ते वाचून मी थांबलो. ती पुड्या उचलून आपल्या केंद्रकाच्या वर, उन्हाच्या बाजूला रचते. आमच्याकडे पावसात भातलावणीला बायका डोक्यावर इरलं घेतात, अगदी तसं. आतला डीएनए उन्हापासून वाचावा म्हणून. तरीही ऊन लागून डीएनएला इजा झालीच, तर तीच पेशी मेलॅनोसाइटला निरोप धाडते, "जास्त बनव." ऊन लागल्यावर आपण काळवंडतो त्यामागे हा निरोप असतो. महिना-दीड महिन्यात वरचा थर झडून जातो आणि त्याबरोबर मिळालेला रंगही. म्हणून रतीब रोजचा.

गोऱ्या आणि सावळ्या माणसांत मेलॅनोसाइटची संख्या जवळपास सारखीच असते, हे तर मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. फरक पुड्यांचा. सावळ्या त्वचेत त्या मोठ्या असतात, सुट्या सुट्या पसरतात आणि जास्त टिकतात. गोऱ्या त्वचेत लहान असतात आणि घोळक्याने राहतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सावळ्या आणि गोऱ्या त्वचेतल्या मेलॅनोसाइट आणि केरॅटिनोसाइट अदलाबदल करून एकत्र वाढवल्या. पुड्या सुट्या राहणार की घोळक्याने, हे बहुतांशी घेणाऱ्या पेशीवर ठरलं. देणारी कुठली, याने फारसा फरक पडला नाही. तळहाताची गोष्ट आणखी वेगळी. तिथे बाह्यत्वचेच्याही खाली असलेल्या आतल्या त्वचेतल्या पेशी डीकेके१ नावाचं प्रथिन सोडून मेलॅनोसाइटला आवर घालतात, म्हणून कितीही सावळ्या माणसाचा तळहात फिकट. माझ्या लग्नात "मुलगा जरा काळा आहे" यावर दोन बैठका झाल्या होत्या. कशावरून बोलत होतो आम्ही!

कोडात शरीराच्या संरक्षक पेशीच मेलॅनोसाइटना परकं समजून मारतात. बाकी त्वचा धडधाकट असते. स्पर्श कळतो, घाम येतो. ते कुणाला लागत नाही. कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही, पण 'श्वेतकुष्ठ' या जुन्या शब्दाने फार नुकसान केलं आहे. लेकीच्या वर्गातल्या एका पालकांनी तिला वेगळं बसवायला सांगितलं, तेव्हा मी शाळेत जाऊन हे सगळं सांगितलं. आवाज चढला माझा. चढायलाच हवा होता. घरच्यांचं निराळंच. "दुधावर मासे खाल्ले असतील." आमच्या घरात मासे शिजतच नाहीत.

एक चूक माझ्या हातूनही झाली. कुणीतरी सांगितलं म्हणून बावचीचं तेल लावून तिला दुपारच्या उन्हात बसवलं. बावचीत सोरालेन असतं. ते त्वचेला उन्हासाठी फार हळवं करतं. डॉक्टर ते मोजूनमापून वापरतात. मी अंदाजाने लावलं आणि गुडघ्यावर फोड आला. कोड असलेल्या त्वचेला जखम झाली तर तिथे नवा डाग उमटू शकतो, हे मला नंतर कळलं. त्या रात्री ती झोपली, मी नाही.

आता आठवड्यातून दोनदा ३११ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांच्या दिव्यासमोर उभं राहायचं. डोळ्यांवर काळा चष्मा. पापणीला मलम. दोन महिने काहीच दिसलं नाही. मग एका रविवारी तीच ओरडली, "बाबा, इथे काहीतरी लागलंय, निघत नाही." भिंग घेऊन अंगणात बसलो. पांढऱ्या डागात मोहरीएवढा तपकिरी ठिपका, आणि त्याच्या बरोबर मधून उगवलेला एक काळा केस. केसाच्या मुळाशी मेलॅनोसाइटच्या मूळ पेशींचा साठा असतो. वरच्या पेशी मेल्या तरी तो बऱ्याचदा वाचतो. तिथून त्या निघतात, वर चढतात आणि पुन्हा वाटप सुरू करतात. म्हणूनच डागातला केस काळा आहे की पांढरा, हे डॉक्टर आधी बघत होते. बोटांच्या टोकांना केस नाहीत, तिथे हा साठाही नाही. तिथे वेळ लागेल, कदाचित येणारही नाही, हे त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं. ते मला बरं वाटलं.

ती वहीत गुडघ्याचं चित्र काढते आणि ठिपके मांडते. मंगळवारी तेवीस होते. खालच्या कडेचे दोन एकमेकांना चिकटलेत, म्हणून तिने ते एकच धरावेत की दोन, यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. बोटांसाठी तिने वेगळं पान ठेवलं आहे. त्यावर अजून फक्त तारखा आहेत.