पिंप भरल्यावर नळापाशी बसायचं नाही

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं तेव्हाच कळलं की बाकीचे सगळे छड्या, चिंचा-बोरं आणि सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला मारलेल्या दांड्या यावरच लिहिणार, म्हणून मी बायबलच्या तासावर लिहितेय. तो तास शेवटचा असायचा, उन्हाळ्यात पंखा नुसता गरम हवा फिरवायचा आणि निम्म्या मुली पेंगायच्या. वर्गात आम्ही ख्रिस्ती थोड्याच, बाकी कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू, त्यामुळे बाई गोष्ट अशी सांगायच्या की सगळ्यांना कळावी.

त्या दिवशी मान्नाची गोष्ट होती. इस्राएल लोक मिसर म्हणजे इजिप्त सोडून रानात आलेत, खायला काही नाही, मग देव रोज सकाळी मान्ना म्हणजे आकाशातून अन्न देतो, पण अट अशी की त्या दिवसापुरतंच गोळा करायचं. काहींनी उद्यासाठी ठेवलं तर त्यात किडे पडले, घाण वास सुटला. तर मागच्या बाकावरून एकजण म्हणाली, "बाई, मग आम्ही पाणी साठवतो ते? रोज कुठं येतंय नळाला!" सगळा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "अगं, शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करा असं देवानंच सांगितलं होतं की, ते नाही नासलं. पाणी भरायचंच. पण पिंप भरल्यावर नळापाशी बसून राहायचं नाही."

तेव्हा मला हे नुसतं हजरजबाबी उत्तर वाटलं.

माझे पप्पा गिरणीत जॉबर, म्हणजे माग आणि कामगार बघणारे मुकादम होते. आमच्या घरातली घड्याळं भोंग्यावर लागायची. पुढे गिरणी बंद पडली, देणं बरीच वर्षं अडकलं, आणि पप्पा एका छोट्या कारखान्यात माग दुरुस्त करायला जायला लागले, रविवारी चर्चमध्ये पेटीवर मात्र तसेच आनंदात. मला त्यांचा राग यायचा खरं सांगायचं तर. घरात कुणीतरी काळजी करायला नको का! मग थोरली म्हणून ते खातं मी घेतलं, वही घातली, किराणा, फी, भावाचं कॉलेज, सगळं माझ्या हातात. लग्नानंतर आम्ही दोघांनी अक्कलकोट रोडला टेरी टॉवेलचे माग टाकले तेव्हा तर विचारूच नका. सुताचा भाव मी बघणार, मागावर सुताचा बीम कधी चढला मी बघणार, सुताच्या कांड्या भरणाऱ्या मावशी किती वाजता आल्या तेही मीच, आणि कॅमेरे मोबाईलवर आल्यापासून चर्चमध्ये उपदेश चालू असताना पर्समध्ये हात घालून कारखाना बघायचे.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. मागावर अर्धवट विणलेले टॉवेल तसेच, ऑर्डर अडकलेली, कामगारांचे फोन, आणि कॅमेऱ्यात एकच चित्र, बंद माग. तरी मी दिवसातून कितीदा तरी बघायचेच. पप्पांची नजर अधू झालेली, ते संध्याकाळी मला वाचायला लावायचे. एकदा बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र काढलं. ते लिहिणारा प्रेषित पौल बंदिवासात आहे, सुटणार की मरणार त्यालाच माहीत नाही, आणि शेवटच्या अध्यायात फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हाती पाठवलेलं सगळं पोचलं म्हणून आभार मानतोय. तिथंच म्हणतो, "ज्या स्थितीत मी आहे तिच्यात मी संतुष्ट राहण्यास शिकलो आहे." पप्पा म्हणाले, "बघ, तुरुंगात बसून पोचपावती देतोय. म्हणजे गरज त्यालाही होती, मदत घ्यायला लाजला नाही. आणि शिकला म्हणतोय, जन्मतः येत नव्हतं त्याला पण." मग म्हणाले, "गिरणी बंद झाली तेव्हा मी रात्र रात्र जागा असायचो, तुम्हाला कळू दिलं नाही एवढंच."

हे मला माहीतच नव्हतं!

नंतर ते ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांबद्दल बोलत बसले, १९१७ साली पंचावन्नाव्या वर्षी मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची मंडळी काढली ते. मला त्या वेळी त्यांच्या बायकोचं, लक्ष्मीबाईंचंच जास्त वाईट वाटलं, घर चालवायचं होतं त्यांना. नवऱ्यानं सगळं देवावर सोडलं की हिशोब बायकोकडे येतो, हे कुठल्याच उपदेशात सांगत नाहीत.

म्हणून मी काही सगळं सोडून बसले नाही. कामगारांना जमेल तेवढी उचल दिली, व्यापाऱ्यांना फोन केले, बँकेत बोलले. पण रात्री जेवण झालं की फोन कपाटात, आणि प्रार्थनेत देवाला सूचना देणं बंद, नाहीतर माझी प्रार्थना म्हणजे पर्चेस ऑर्डरच असायची, तारखेसकट. माग सुरू झाल्यावर किल्ली आमच्या जॉबरकडे दिली. तो माझ्याइतकं बारीक बघत नाही, कधी कधी सेकंड क्वालिटीचा माल जास्त निघतो, मग भांडतो आम्ही. पण झोप लागते. मुलानं कारखान्यात यायचं नाही ठरवलंय, त्यावर मी एकदाच बोलले, हे आमच्या घरच्यांना अजून खरं वाटत नाही.

बाकी महोत्सवाला येतेच. जेवणाचा मेनू कमिटीनं ठरवावा, मी काहीही सुचवणार नाही. फक्त कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी ठेवा, आणि ती आदल्या दिवशीच कुटून घ्या.