आमची वाटचाल : कपातीचं सूत्र मुनीमजींच्या हाती

हिंगणघाट, पुलगाव, आर्वी पट्ट्यातल्या कापसाच्या जिनिंगांत (सरकी काढायच्या कारखान्यांत) आमचं काटा-बिलाचं सॉफ्टवेअर चालतं. वजन, काटापट्टी (वजनाची पावती), चुकारा (शेतकऱ्याचे पैसे देणं) ही कामं पहिल्यापासून नीट चालली, त्याबद्दल काय लिहायचं?

कसोटी लागली ती कपातीनं. ओल ८ टक्क्यांच्या वर गेली की कुणी टक्क्याला टक्का कापतो, कुणी दीडपट. हमाली कुठे क्विंटलवर, कुठे गाडीवर. कपातीचं सूत्र आमच्या सी प्लस प्लस भाषेतल्या प्रोग्रामच्या पोटात, म्हणून दर जिनिंगची एक्झी (चालवायची प्रोग्राम-फाइल) वेगळी. ऐन हंगामात नियम फिरला की गाड्यांची रांग फाटकाबाहेर. नेमकं तेव्हाच एका मोठ्या कंपनीनं ‘सूत्र तुमचं तुम्ही बदला’ म्हणत आमची निम्मी गिऱ्हाइकं नेली. सूत्रं लिहिता यावीत म्हणून त्यांनी आत पायथन ही अख्खी प्रोग्रामिंग भाषा बसवली होती. पायथन ३.९ पासून पुढे विंडोज ७ वर चालत नाही, आणि काट्याच्या खोलीतले संगणक किती जुने असतात हे सांगायला नको. शिवाय स्क्रिप्टला (गिऱ्हाइकानं लिहिलेल्या सूत्राला) फाइल पुसण्यापासून रोखणारं भरवशाचं कुंपण पायथनमध्ये नाही.

टिकलेल्यांत पुलगावचे एक मुनीमजी होते. म्हणाले, “भाऊ, मले फक्त कपातीची ओळ बदलू द्या, बाकीचं तुमचं तुमी पाहा.”

त्या एका ओळीसाठी लुआ ही छोटी प्रोग्रामिंग भाषा घेतली. रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात १९९३ साली जन्मलेली, शुद्ध सी भाषेत लिहिलेली, एमआयटी या मोकळ्या परवान्याची. आपल्या एक्झीतच काही शे केबीत मावते. पण नुसती जोडून भागत नाही. लुआसोबत येणारी सगळी लायब्ररी (तयार फंक्शनांचे संच) उघडू नका. बेस, स्ट्रिंग, टेबल, मॅथ पुरे, आणि बेसमधलेही डूफाइल, लोडफाइल, लोड हे बाहेरचा कोड आत आणणारे काढून टाका. सूत्र लोड करताना फक्त मजकूर स्वीकारा, कारण बिघडवलेला बाइटकोड (आधीच यंत्रासाठी रूपांतरित केलेला कोड) अख्खा प्रोग्राम पाडतो. न संपणाऱ्या लूपसाठी ठरावीक सूचनांनंतर एरर देणारा काउंट हुक (सूचना मोजणारा पहारेकरी) लावा. स्क्रिप्टला पीकॉल (एरर पकडून पुढे चालू ठेवणारं फंक्शन) देऊ नका, नाहीतर ती तुमचा एररच गिळते. स्ट्रिंग.रेप (मजकूर हवा तितक्यांदा जोडणारं) सारखं सीमधलं फंक्शन एकदा सुरू झालं की मात्र हुकला दाद देत नाही, म्हणून मेमरी वाटणाऱ्या अॅलोकेटरवर मर्यादा हवीच.

पैसे पूर्णांक पैशांतच ठेवा. लुआ ५.३ पासून पूर्णांक वेगळे आहेत, तरी साधा भागाकार दशांशच देतो आणि बिलावर ५ ऐवजी ५.० छापून येतं. दुहेरी तिरप्या रेघेचा (//) भागाकार वापरा, पण ऋण आकड्यांत तो खाली झुकतो : −७ भागिले २ म्हणजे −४. परतीच्या बिलात एका पैशाची तफावत इथूनच येते. मराठी नावांचे रकाने सरकतात त्याचं कारण वेगळं. ‘कापूस’ची लांबी लुआ १५ सांगते, कारण ती अक्षरं नव्हे, बाइट मोजते, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या दर चिन्हाचे तीन बाइट होतात.

आता त्या कंपनीच्या नव्या आवृत्तीतही लुआच आहे. कपातीच्या पडद्यावरचे रकाने आमच्याच क्रमानं, नावंही आमचीच. जाहिरातीत मात्र ‘विदर्भात प्रथमच’.