सहावं टोक

ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचं सहावं काचेचं टोक आज टिकलं. आधीच्या पाचांपैकी तीन काच तापवून ओढतानाच गेली, चौथं सिलिकॉन भरताना, आणि पाचवं जिवाणूंच्या थराला टेकताना माझा हात केसभर जास्त खाली गेला म्हणून. त्याचं फार वाईट वाटलं होतं. आठवड्याची मेहनत होती ती.

टोक १० मायक्रोमीटरचं, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं आहे. इतकं बारीक कशाला, असं घरी विचारतात. हा सेन्सर ऑक्सिजन मोजतो तो खाऊनच. काचेच्या आत सोन्याचा मुलामा दिलेली प्लॅटिनमची तार असते, तिला उणे ०.८ व्होल्ट द्यायचे. सिलिकॉनच्या पडद्यातून झिरपलेला ऑक्सिजन तारेवर संपतो, आणि त्यातून जो विद्युतप्रवाह मिळतो तोच आपला आकडा. मूळ कल्पना लेलँड क्लार्क यांची, १९५०च्या दशकातली, रक्तातला ऑक्सिजन मोजण्यासाठी. पण जाड टोक जिवाणूंच्या थरात घातलं तर शेजारचा ऑक्सिजन तेच फस्त करेल, मग मोजायचं काय? बारीक टोक अगदी थोडा खातं. त्या बदल्यात प्रवाह पिकोअँपिअरमध्ये (अँपिअरच्या लाख-कोटीव्या भागात) उतरतो आणि शेजारून कुणी गेलं तरी आकडा थरथरतो.

दुपारी हिरव्या थरात ०.४ मिलिमीटर खाली गेलो. दिव्याखाली आकडा हवेतला ऑक्सिजन पुरता मुरलेल्या पाण्याच्या तिप्पट, आणि स्थिर. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे थरातले प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू, जितका ऑक्सिजन सोडत होते तितकाच श्वसनात आणि झिरपून निघून जात होता. मग दिवा झाकला. उजेड गेला की तयार होणं लगेच थांबतं, निघून जाणं मात्र पहिले एकदोन सेकंद तसंच चालू राहतं. म्हणून त्या सेकंदांतली घसरण हाच त्या जागचा प्रकाशसंश्लेषणाचा वेग. स्क्रीनवरची रेघ कड्यावरून उतरावी तशी खाली आली. पुन्हा उजेड, पुन्हा वर. हे मी नऊ वेळा केलं. खरं तर तीनदा पुरलं असतं.

१.२ मिलिमीटरवर दिवा झाकला तरी रेघ हलली नाही. तिथे आकडा आधीच शून्यावर होता. ज्या थराची जाडी नखाच्या रुंदीएवढीही नाही, त्यात वर ऑक्सिजनचा पूर आणि खाली टिपूसही नाही!

उद्या ०.१ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी पूर्ण खोली मोजायची आहे. टोक पाण्यात, व्होल्टेज चालू ठेवूनच निघालो. टेबलावर चिठ्ठी लावली आहे: कृपया हात लावू नका.